छायाचित्राचा रंग आणि व्यापाऱ्याचा शब्द

माल गिऱ्हाइकाच्या हाती पडण्यापूर्वी मालाचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे जाऊन उभे राहते, असा हा काळ आहे. पूर्वी पेढीवरचा माणूस नमुन्यांचे गाठोडे घेऊन गावोगाव जात असे. ग्राहक कापड चिमटीत धरी, उंबऱ्याबाहेर उजेडात नेऊन उलटसुलट पाही आणि मगच भावाची गोष्ट काढी. आता ते सर्व काम मोबाईलवर धाडलेले एक छायाचित्र करते. ह्या छायाचित्राने मालाचा रंग खरा सांगावा म्हणून काय केले पाहिजे, आणि पुष्कळदा तो कोणाचाही लबाडीचा हेतु नसताना खोटा का पडतो, हे आमच्या व्यापारी बंधूंस व त्यांच्या कुटुंबीयांस समजावून सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. विषय तांत्रिक खरा; परंतु वजनेमापे ज्यांच्या हातून गेली आहेत त्यांस तो इतरांपेक्षा लवकर उमजेल, अशी आमची खात्री आहे.

इंदूर शहराचा आणि छायाचित्रणाचा संबंध आजचा नव्हे. राजा दीनदयाळ ह्यांचे नाव ज्यांस ठाऊक नाही असे इंदूरकर थोडे असतील. मीरतजवळील सरधना येथे १८४४ साली एका जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. रुडकीस अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन १८६६ साली ते इंदुरात सरकारी नोकरीवर आले, आणि येथेच त्यांच्या हाती कॅमेरा आला. दुसरे तुकोजीराव होळकर महाराज ह्यांचे उत्तेजन त्यांस लाभले, आणि पुढे हिंदुस्थानातील श्रेष्ठ छायाचित्रकारांत त्यांची गणना झाली. त्यांच्या काळच्या काचेच्या प्लेटा निळ्या प्रकाशास चटकन दाद देत व तांबड्यास जवळजवळ मुळीच देत नसत. त्यामुळे निळे आकाश पांढरे उतरे आणि तांबडा फेटा काळा दिसे. म्हणजे रंगाच्या बाबतीत ते छायाचित्र खोटेच होते. परंतु त्याने कोणी फसले नाही, कारण ते रंग सांगण्याचा दावाच करीत नव्हते. आजचे छायाचित्र तो दावा करते. म्हणूनच ते चुकले की विश्वासास तडा जातो.

आमच्या हातून घडलेली चूक

सांवेर रोडवर आमचा छपाईचा व पुठ्ठ्याच्या खोक्यांचा लहानसा कारखाना आहे. कापड बाजारातील एका व्यापाऱ्यांनी काही वर्षांपूर्वी महेश्वरी साड्यांचा कॅटलॉग आमच्याकडे छापावयास दिला. छायाचित्रे त्यांच्या पुतण्याने हौसेने नव्या कॅमेऱ्यावर काढली होती. चित्रे आमच्या संगणकावर उघडली तेव्हा सगळे रंग मरगळलेले दिसले. विशेषतः मोरपंखी आणि पोपटी ह्या रंगांतील जीवच गेला होता. आमच्या कारागिराने मूळ साडी समोर न घेता, पडद्यावर पाहून, नजरेच्या अंदाजाने सर्व रंग चढविले. मोरपंखी ताळ्यावर आला. परंतु त्या ओढाताणीत मरून रंगाची साडी चांगलीच लाल होऊन बसली. कॅटलॉग तसाच छापला गेला.

दोन महिन्यांनी ते व्यापारी एक पेटी घेऊन कारखान्यात आले. खुर्चीवर न बसताच म्हणाले, "शेठ, आधी पेटी उघडा, मग पुस्तक उघडा, आणि तुम्हीच सांगा, ही एकच साडी आहे काय?" परगावच्या दुकानदाराने लग्नसराईसाठी मागविलेला मरून साड्यांचा सबंध गठ्ठा परत केला होता आणि पत्रात लिहिले होते की, दाखविले एक व पाठविले दुसरे. आम्ही छपाईचे पैसे घेतले नाहीत. त्या गृहस्थांनीही पुढे तो विषय कधी काढला नाही. परंतु मोसम तर निघून गेला, आणि वीस वर्षांचे एक गिऱ्हाईक त्यांस लबाड समजून तुटले, ते आमच्या अज्ञानामुळे. त्यानंतर आम्ही ह्या विषयाच्या मुळाशी जाण्याचा निश्चय केला. तेव्हा कळले की कॅमेरा बिघडलेला नव्हता, संगणकही बिघडलेला नव्हता. पुतण्याने रंग एका मापाने मोजून दिले होते आणि आम्ही ते दुसऱ्या मापाने वाचले होते.

रंगाचे माप म्हणजे काय

संगणकास रंग दिसत नाही. त्यास केवळ आकडे कळतात. छायाचित्र हे लक्षावधी बारीक ठिपक्यांचे बनलेले असते, आणि प्रत्येक ठिपक्यासाठी तांबडा, हिरवा व निळा ह्या तीन प्रकाशांचे तीन आकडे लिहून ठेवलेले असतात. सामान्य चित्रात प्रत्येक आकडा ० पासून २५५ पर्यंत, म्हणजे २५६ पायऱ्यांचा असतो. तिन्हींचा गुणाकार केला की १ कोटी ६७ लक्ष ७७ हजार २१६ रंग होतात.

आता प्रश्न असा की, 'हिरवा २५५' म्हणजे नेमका कोणता हिरवा? कैरीचा, पोपटाचा की पाचूचा? नुसत्या आकड्यावरून ते सांगता येत नाही. येथे आम्ही वाचकांस जुन्या मणाची आठवण देतो. मण सामान्यतः चाळीस शेरांचाच. परंतु बंगालचा मण सुमारे ८२ पौंडांचा, मुंबईचा २८ पौंडांचा आणि मद्रासचा २५ पौंडांचा असे. कलकत्त्याच्या व्यापाऱ्याने '१० मण' लिहिले व मुंबईच्या मुनिमाने ते मुंबईचे मण समजून वाचले, तर आकडा तोच राहूनही माल तिसऱ्या हिश्श्यावर आला. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनेमापे आली आणि हा घोटाळा मिटला. रंगांच्या राज्यात मात्र निरनिराळे मण आजही चालू आहेत. कोणता आकडा म्हणजे कोणता रंग, हे ठरवून देणाऱ्या मापास इंग्रजीत 'कलर स्पेस' म्हणतात. आम्ही त्यास येथे 'रंगक्षेत्र' म्हणू.

माणसाच्या डोळ्यास दिसणाऱ्या एकूण रंगांचा नकाशा आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९३१ साली आखून दिला. त्याचा आकार साधारणपणे घोड्याच्या नालासारखा आहे. तांबडा, हिरवा व निळा ह्या तीन आकड्यांची रंगक्षेत्रे ही ह्या नकाशावर आखलेले लहानमोठे त्रिकोण होत. त्रिकोणाच्या आत जो रंग येतो तो त्या मापाने लिहिता येतो. बाहेरचा येत नाही.

चार रंगक्षेत्रांची ओळख

पहिले 'एसआरजीबी'. हे १९९६ साली ह्यूलेट-पॅकार्ड व मायक्रोसॉफ्ट ह्या कंपन्यांनी मांडले आणि १९९९ साली त्यास आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. डोळ्यास दिसणाऱ्या रंगांपैकी सुमारे एक तृतीयांश रंग ह्यात येतात. त्रिकोण लहान, परंतु सर्वांस वाचता येणारा. ज्या चित्रावर मापाचा उल्लेख नाही ते एसआरजीबीचेच असे समजून इंटरनेटवर वाचले जाते. बाजारात चालणाऱ्या रोकड्या नाण्याची योग्यता ह्यास आहे.

दुसरे 'अ‍ॅडोबी आरजीबी', १९९८ सालचे. ह्याच्या जन्माची कथा मनोरंजक आहे. अ‍ॅडोबी कंपनीच्या लोकांनी दूरचित्रवाणीच्या एका प्रमाणपत्रकावरून आकडे उतरून घेतले. परंतु ते आकडे त्या प्रमाणाचे खरे आकडे नव्हते, आणि त्यातही एक उतरताना चुकला. चूक ध्यानात आली तोपर्यंत छपाईवाल्यांस हे नवे माप आवडू लागले होते. अखेर तेच नवे नाव देऊन ठेवण्यात आले. ह्यात दृश्य रंगांपैकी सुमारे निम्मे रंग येतात. विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, तांबड्याची व निळ्याची टोके ह्यात एसआरजीबीचीच आहेत. फरक आहे तो हिरव्या टोकाचा. म्हणून दोहोंतील भेद पोपटी, पाचू, मोरपंखी व फिरोजी रंगांतच अधिक उठून दिसतो. छापखान्याच्या निळसर शाईचे काही गडद रंगही एसआरजीबीत मावत नाहीत, ते ह्यात मावतात.

तिसरे 'डिस्प्ले पी३'. चित्रपटगृहांच्या मापावरून अ‍ॅपल कंपनीने हे बेतले. २०१६ सालच्या आयफोन ७ पासून त्या कंपनीचे फोन ह्याच मापात छायाचित्रे काढतात. हे एसआरजीबीपेक्षा सुमारे पाव हिश्श्याने मोठे आहे.

चौथे 'प्रोफोटो आरजीबी', कोडॅक कंपनीचे. हे इतके मोठे आहे की त्याच्या कडेच्या काही जागा मानवी डोळ्यास दिसतच नाहीत. हे रोजच्या वापराचे माप नव्हे. चित्रावर बारकाईने काम करणाऱ्या जाणकारांच्या मेजावरच त्याचे स्थान.

मोठे ते चांगले, हा भ्रम

पुतण्याने कॅमेऱ्यात अ‍ॅडोबी आरजीबी निवडले ते 'मोठे ते चांगले' ह्याच समजुतीने. ही समजूत तीन कारणांनी फसवी आहे.

पहिले कारण, पायऱ्या तेवढ्याच राहतात. एक गजाच्या काठीवर २५६ खुणा केल्या तर त्या जवळजवळ येतात. तेवढ्याच खुणा दोन गजांच्या काठीवर केल्या तर अंतर वाढते. मोठ्या रंगक्षेत्रात २५६ पायऱ्या विरळ पडतात, आणि आकाशाच्या किंवा रेशमाच्या हळुवार छटांत पट्टे दिसू लागतात. प्रोफोटोसाठी प्रत्येक रंगास ८ ऐवजी १६ बिटांची फाइल लागते ती ह्याचमुळे.

दुसरे कारण, पाहणाऱ्याच्या पडद्याची मर्यादा. कित्येक साधे पडदे एसआरजीबीएवढेच रंग दाखवू शकतात. पडद्यावर न मावणारे रंग कडेला दाबले जातात. आपल्या इंदूरच्या रंगपंचमीच्या गेरचे छायाचित्र कोणी पाहिले असेल तर त्यास हे चटकन कळेल. हवेत उडणाऱ्या गुलालाच्या ढगात डोळ्यास दहा छटा दिसतात. चित्रात मात्र पुष्कळदा एकच सपाट गुलाबी डाग उमटतो. मर्यादेबाहेरचे सर्व रंग मर्यादेच्या एकाच रेषेवर येऊन बसले, म्हणजे असे होते. तलम साडीच्या पोताचीही हीच गत होते.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे; ते म्हणजे मापाची चिठ्ठी हरवणे. प्रत्येक चित्राच्या फाइलीत, आकडे कोणत्या मापाचे आहेत हे सांगणारी एक चिठ्ठी ठेवता येते. तिला 'प्रोफाइल' म्हणतात. १९९३ साली आठ कंपन्यांनी एकत्र येऊन स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय रंग मंडळाने ह्या चिठ्ठीचा नमुना ठरविला. परंतु चित्र एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ही चिठ्ठी पुष्कळदा गळून पडते. मग वाचणारा ते एसआरजीबी समजतो, आणि बंगाली मण मुंबईचे म्हणून वाचले जातात. आमच्या कारखान्यात नेमके हेच झाले होते.

चिठ्ठी बदलणे आणि माप बदलणे

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. बहुतेक घोटाळे तो न कळल्याने होतात. दहा बंगाली मणांच्या पोत्यावर 'मुंबई मण' अशी नवी चिठ्ठी चिकटविली आणि आकडा १० च ठेवला, तर हिशेब खोटा झाला. परंतु हिशेब करून 'मुंबईचे २९ मण व वर थोडे' असे लिहिले, तर माल तोच राहिला व वाचणाऱ्यासही बरोबर कळला. संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये ह्या दोन क्रियांसाठी दोन निराळ्या आज्ञा असतात. पहिलीस 'असाइन' म्हणतात, दुसरीस 'कन्व्हर्ट'. उदाहरणार्थ, एसआरजीबीतील शुद्ध हिरवा ०, २५५, ० असा लिहितात. तोच हिरवा अ‍ॅडोबी आरजीबीत १४४, २५५, ६० असा लिहावा लागतो. आकडे बदलले, रंग बदलला नाही. माप बदलावयाचे असेल तेव्हा 'कन्व्हर्ट'च करावे. चिठ्ठी हरवलेल्या चित्राचे मूळ माप निश्चित ठाऊक असेल तेव्हाच 'असाइन' वापरावे.

कोणत्या कामास कोणते

चित्र मोबाईलवर धाडावयाचे असेल, संकेतस्थळावर किंवा ऑनलाइन बाजारात ठेवावयाचे असेल, तर डोळे मिटून एसआरजीबी निवडावे. छायाचित्रांचे कागदी ठसे काढून देणाऱ्या बहुतेक लॅबही तेच मागतात. मंगलकार्याचे आल्बम, मुलांची छायाचित्रे, सहलीची चित्रे, ह्या सर्व घरगुती कामांस तेच योग्य. घरातील कोणी आयफोनवर मालाचे चित्र काढीत असेल, तर धाडण्यापूर्वी ते एसआरजीबीत रूपांतरित करून घ्यावे.

कॅटलॉग किंवा खोके छापावयाचे असेल, मालात हिरवे-मोरपंखी रंग असतील, आणि छापखान्यात रंगांचा जाणकार माणूस असेल, तर अ‍ॅडोबी आरजीबी उपयोगी पडते. परंतु त्यापूर्वी छापखान्यास विचारावे की, तुम्हांस कोणते माप हवे? छपाई ही अखेर निळसर, किरमिजी, पिवळी व काळी ह्या चार शाईंत होते, आणि गुळगुळीत आर्ट पेपर, तपकिरी पुठ्ठा व प्लास्टिकची पिशवी ह्यांवर तीच शाई निरनिराळी दिसते. म्हणून चार शाईंतील रूपांतर, कोणत्या कागदावर छापणार हे ठरल्यावर, छापखान्यानेच शेवटी करावे. घरी बसून ते करू नये.

कॅमेऱ्यात 'रॉ' म्हणून जी कच्ची फाइल काढता येते तीस रंगक्षेत्र नसतेच. ते मागाहून ठरविता येते. ज्यांस शक्य आहे त्यांनी महत्त्वाच्या मालाची कच्ची फाइल मूळ दस्तऐवजासारखी जपावी आणि कामापुरत्या एसआरजीबी प्रती काढाव्यात. आजोबा-पणजोबांची जुनी छायाचित्रे स्कॅन करून ठेवणाऱ्या कुटुंबांनीही हाच मार्ग धरावा: मूळ प्रत १६ बिटांत, चिठ्ठीसह, वाटावयाच्या प्रती एसआरजीबीत.

एक सोपी खूण सांगतो. कॅमेऱ्यातील चित्राच्या नावाचे पहिलेच चिन्ह आडवी अधोरेखा असेल, तर ते चित्र बहुधा अ‍ॅडोबी आरजीबीत काढलेले असते. चिठ्ठी हरवली तरी ही खूण पुष्कळदा टिकून राहते. त्या दिवशी ती आम्हांस ठाऊक असती तर एक गिऱ्हाईक तुटले नसते.

रंगक्षेत्र जे करू शकत नाही

योग्य माप निवडले म्हणजे सर्व साधले, असे मात्र नव्हे. दुकानातील दिव्याखाली एक दिसणारे कापड उन्हात दुसरे दिसते, हे कापडवाल्यांस आम्ही काय सांगावे? चित्र दिवसा, थेट उन्हाबाहेर, उत्तरेच्या खिडकीजवळ काढावे. मालाशेजारी एक करडे कार्ड ठेवून पहिले चित्र घ्यावे व त्यावरून पांढऱ्याचा मेळ बसवावा. मोबाईलमधील रंग खुलविणारी सोय बंद करावी. पडद्यावर रंग जोखताना 'व्हिव्हिड' ऐवजी 'नॅचरल' अशी योजना ठेवावी, आणि रात्री डोळ्यांसाठी लावलेली पिवळसर झाक काढावी. जरीची चमक कोणत्याही रंगक्षेत्रात येत नाही. कारण ती रंग नसून प्रकाशाची हालचाल आहे. तिच्यासाठी हलते चित्र धाडावे. आणि मोठ्या मागणीपूर्वी कापडाचा वीतभर तुकडा टपालाने धाडावा. ती जुनी रीत आजही सर्वांत खात्रीची आहे.

हल्ली प्रत्येक कॅटलॉगच्या तळाशी 'प्रत्यक्ष रंगात फरक पडू शकतो' अशी बारीक ओळ छापलेली असते. आम्हीही ती छापतो. परंतु आपल्या हातचे सर्व करून झाल्यावर जो थोडा फरक उरतो त्याबद्दलची ती कबुली असावी. आळसावर घातलेले पांघरूण असू नये.

साऱ्या विवेचनाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर, सर्वांत मोठे रंगक्षेत्र ते योग्य नव्हे. घेणाऱ्यास जे बरोबर वाचता येईल तेच योग्य. व्यापाऱ्याने भाव गिऱ्हाइकास समजेल त्याच मापात सांगावा, हा आपला जुना दंडक आहे. रंगही त्याच दंडकाने सांगावा. त्या गृहस्थांच्या पेढीवर आता दर मोसमास कॅटलॉग छापण्यापूर्वी मूळ साडी, पहिला छापील नमुना व मोबाईलवरील चित्र ही तिन्ही खिडकीच्या उजेडात शेजारी ठेवून पाहिली जातात, आणि आमचा कारागीर तेथे हजर असतो. पुतण्याच त्यास बोलावून नेतो. सभासद बंधूंनी आपापल्या पेढीवर एवढे जरी सुरू केले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.